मदत हवी आहे: अंगात येतं म्हणून मारहाण माफ होते का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो. धाकटा भाऊ दारू पिऊन बायकोला मारतो आणि उतरली की म्हणतो, "मी नव्हतो, अंगात कोणतरी शिरतंय." आईला ते पटतं. उंबऱ्यावर लिंबू, उशाखाली विळा, अमावास्येला उतारा. भावजयीच्या दंडावरचे काळेनिळे वळ मात्र कुणी बघत नाही!

शेजारच्या ख्रिस्ती काकूंनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं दाखवलं: माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो. भावाचा मुस्लिम दोस्त म्हणाला, कुराणातल्या सुरह इब्राहीममध्ये सैतानच सांगतो, मी नुसतं बोलावलं, दोष तुम्ही स्वतःला द्या. आपल्यातही ज्याचं कर्म त्यालाच फेडावं लागतं. म्हणजे भूत मानलं तरी हात उचलणारा सुटत नाही. आईची श्रद्धा न दुखावता हे कसं सांगू?

आता एक मांत्रिक बंदोबस्ताचे पैसे मागतोय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तक्रार करता येईल का? भावजयीसाठी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जायचं ठरतंय, कुणी गेलंय का? कोल्हापुरातलं भरवशाचं व्यसनमुक्ती केंद्रही सुचवा. या अमावास्येच्या आत काहीतरी करायचंय.