मदत हवी आहे: कोल्हापूर ते सॅन फ्रान्सिस्को, आई-आबांना दुबईवरून पाठवू की टोकियोवरून?

रंकाळावेस:
मंडळी, ताई सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजेला असते. आई-आबा दिवाळी झाली की पहिल्यांदाच तिच्याकडे निघालेत. आबांनी सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. आईचं इंग्रजीशी वाकडं. दोघांचा विमानप्रवास म्हणजे आपल्या उजळाईवाडी विमानतळावरून तिरुपती, बास.

एजंट म्हणतो मुंबईहून दुबई आणि तिथून थेट सॅन फ्रान्सिस्को. ताई म्हणते बंगळूरहून टोकियोमार्गे आणा. आता अमेरिका आपल्या पश्चिमेला, मग जपानचा वळसा कशाला? त्यात ऑफिसातला एकजण म्हणाला की दिल्लीचं विमानसुद्धा पॅसिफिकवरून जायचं. ही काय भानगड आहे? तिकिटाच्या दरात फारसा फरक नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना सोसेल असा रस्ता सांगा.

भूगोलमास्तर:
भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा, पोरांचा पृथ्वीगोल घ्या. कोल्हापूर साधारण ७४ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. पश्चिमेकडून गेलात तर १९६ रेखांश कापायचे, पूर्वेकडून गेलात तर १६४. म्हणजे ते गाव गोलाच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूलाच आहे, अमेरिका 'पश्चिमेला' हे न्यूयॉर्कपुरतं ठीक. आता गोलावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. तो ना अरबी समुद्रावरून जाईल ना पॅसिफिकच्या मधून, सरळ वर सैबेरियावरून आर्क्टिकमध्ये घुसेल आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरेल. हे सर्वांत कमी अंतर, सुमारे १३,५०० किमी.

तुमचे दोन्ही पर्याय मोजू. मुंबई-दुबई १,९०० आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,००० किमी. बंगळूर-टोकियो ६,७०० आणि टोकियो-सॅन फ्रान्सिस्को ८,२०० किमी. बेरीज दोन्हीकडे १५,००० च्या घरात! वळसा वगैरे काही नाही.

तांबडा_पांढरा:
पूर्वेकडून जाताना पृथ्वी खालून फिरते म्हणून लवकर पोचतात असं ऐकलंय. खरं का?

भूगोलमास्तर:
नाही हो. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, विमानही त्याच हवेत असतं. नाहीतर बिंदू चौकात उडी मारली की माणूस पंचगंगेत पडला असता. खरा खेळ वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, ताशी २०० किमीच्या वरही जातो. तो पाठीशी असला की वेळ वाचतो, समोरून आला की इंधन खातो.

दिल्लीची गोष्ट हीच. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुरू केलं ते अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किमी झालं, म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. विमानवाले किलोमीटर नाही, तास आणि इंधन मोजतात.

आणि आकाशातले रस्तेही बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीची पश्चिमेकडची विमानं लांबली. जून २०२५ मध्ये कतारने काही तास हद्द बंद केली तर आखातातली सगळी घडी विस्कटली. म्हणून जुन्या ब्लॉगवरचे तास वाचून ठरवू नका, चालू महिन्याचं वेळापत्रक बघा.

शाहूपुरीची_सून:
भाऊ, अंतराचं ठीक आहे, पण आबांचे गुडघे बघा. दुबईहून पुढचा पल्ला एका बैठकीत सोळा तासांच्या आसपास. टोकियोमार्गे जाताना आठ-नऊ तासांचे दोन तुकडे पडतात, मध्ये पाय मोकळे होतात. लांब बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा आबांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि पाय दाबून धरणारे घट्ट पायमोजे त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. आतल्या वाटेची सीट मागा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदवा. आबा नको म्हणतील, ऐकू नका. चालण्याचा त्रास वाचतोच, शिवाय भाषा न येणाऱ्याला इमिग्रेशनपर्यंत नेणारा माणूस मिळतो.

मात्र टोकियोत नरिता आणि हानेडा असे दोन विमानतळ आहेत. उतरायचं आणि चढायचं एकाच ठिकाणी आहे ना, हे तिकिटावर तपासा. बदलायचा असेल तर गावातून जावं लागतं आणि त्यासाठी जपानचा व्हिसा लागतो. तसं निघालं तर सरळ दुबई घ्या.

न्यूयॉर्कमार्गे कुणी सुचवलं तर नाही म्हणा. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा उचलून पुन्हा द्यायच्या, मग देशांतर्गत विमान. आईंना ते झेपायचं नाही. थेट सॅन फ्रान्सिस्कोला उतरले की दारात ताई उभी.

रंकाळावेस:
खूप आभार. म्हणजे टोकियो, एकच विमानतळ असेल तर. कोल्हापूर-बंगळूर विमान त्याच दिवशी धरू का?

तांबडा_पांढरा:
भावा, तो नाद करू नको. वेगळं तिकीट असेल आणि आपलं विमान रद्द झालं तर पुढची कंपनी हात वर करते. सगळं एकाच पीएनआरवर मिळत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आदल्या दिवशी जा, किंवा गाडीने हायवे धरा, सहाशे-साडेसहाशे किलोमीटर. रात्री हॉटेलात नीट झोपू देत त्यांना.

शाहूपुरीची_सून:
गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. लोणचं मोठ्या बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत तेलकट-पातळ काहीही १०० मिलीच्या वर चालत नाही. कांदा-लसूण चटणी दोन पिशव्यांत बांधा, आणि तिकडे कस्टमवाल्याने खाण्याचं काही आहे का विचारलं की 'हो' म्हणायला आईंना शिकवून ठेवा.