मदत हवी आहे: चकमकीच्या बंदुकीचा नेम कसा बसवू?

मंडळी, पेनसिल्व्हेनियात नाताळ झाला की हरणांच्या शिकारीचा फ्लिंटलॉक (म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा) सीझन लागतो. त्याआधी माझ्या .५० कॅलिबरच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम बसवायचाय. ७० ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम) काळी दारू, तेलकट कापडात गुंडाळलेली गोल शिशाची गोळी, अंतर ५० यार्ड. प्रत्येक बार उडवल्यावर नळी पुसली की गोळ्या एका जागी पडतात, पण चार इंच खाली आणि जरा डावीकडे. नेम धरायची मागची खाच उजवीकडे ठोकेन, ते सोपं. अडचण माशीची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पितळी खुणेची. घासली की गोळी वर जाईल, पण घासलेलं पितळ परत थोडंच येणार! आधी दारू ८० ग्रेन करून पाहू का? शिवाय पॅनमधली (ठिणगी पडते त्या बाहेरच्या वाटीतली) बारीक दारू नळीत जाळ नेणाऱ्या भोकावर चढली की बार रेंगाळतो. तुम्ही कितपत भरता? दुर्बीण इथे चालत नाही, तेव्हा तो सल्ला नको.