मिश्री म्हणजे तंबाखूच की
'मिश्री दात घासायला असते, ते काय व्यसन नव्हे,' असं वर एकांनी लिहिलंय. आमची आत्या सोलापुरात विड्या वळायची. ती मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजायला बसली की अख्ख्या घराला ठसका! आता दिवसातून पाच वेळा दात कोण घासतं हो? निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात जातं. मिश्री चुकली की तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. तलफच ती.

दारूचं मात्र वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. सरकारी हेल्पलाइन १४४४६, फोन मोफत.