बारवांच्या नोंदींचा मराठी ब्लॉग: कोणती साधने निवडावीत?

बारवनोंदी

नमस्कार. सातारा आणि कोरेगाव तालुक्यांतील जुन्या बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, नोंदी मी गेली काही वर्षे करत आहे. लिंब येथील बारामोटेची विहीर सर्वांना ठाऊक आहे, परंतु शेताच्या बांधाआड, गाळाने अर्धवट बुजलेल्या कितीतरी लहान बारवांबद्दल कोठेही दोन ओळी सापडत नाहीत. प्रत्येक बारवेची छायाचित्रे, पायऱ्यांची आणि देवळ्यांची (भिंतीतील कोनाड्यांची) मांडणी, शिलालेख असल्यास त्याचे वाचन आणि ती नेमकी कोठे आहे याची माहिती एकत्र ठेवणारा मराठी ब्लॉग मला सुरू करायचा आहे.

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही आणि या वयात ते शिकण्यात वेळ घालवण्यापेक्षा मी तो बारवांना देईन. वर्षाकाठी थोडा खर्च करण्याची तयारी आहे. माझी मुख्य अपेक्षा अशी, की पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याने किंवा गावकऱ्याने शोध घेतला, तर या नोंदी त्याला मिळाल्या पाहिजेत. ब्लॉग चालवण्यासाठी ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस? शिवाय माझे जुने लेखन युनिकोडपूर्व काळातील टंकात (फॉन्टमध्ये) आहे, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीचे, त्याचे काय करावे? छायाचित्रे आणि नकाशा यांसाठी कोणती साधने योग्य ठरतील?

अक्षयवट

नमस्कार ताई. सेवा कोणती घ्यावी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, नोंदवून घ्यावा असे मी आग्रहाने सुचवेन. आपल्याला वीस वर्षांचा पल्ला हवा आहे, आणि महाजालावरील सेवा तेवढा काळ टिकतातच असे नाही. जिओसिटीज ही एके काळची अतिशय लोकप्रिय सेवा २००९ मध्ये बंद झाली, पोस्टरस २०१३ मध्ये बंद झाली. ब्लॉगर सुरू असतानाही २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हा पत्ता गूगलच्या हातून गेला आणि त्या पत्त्याने दिलेले जुने दुवे निकामी झाले. लेख ‘डॉट कॉम’ या पत्त्यावर शाबूत होते, पण दुसऱ्याच्या लेखातील दुव्यावरून येणाऱ्या वाचकाला ते कसे कळावे? पत्ता आपला असेल, तर सेवा बदलली तरी तोच पत्ता नव्या जागी जोडता येतो.

डोमेन एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येईल तो ईमेल आपण नियमित पाहत असाल असाच द्यावा, आणि घरातील आणखी एका व्यक्तीला त्या खात्याची माहिती द्यावी. दुसऱ्या कोणाच्या नावावर डोमेन घेऊ नये, मग ती व्यक्ती कितीही जवळची असो.

हे झाल्यावर आपल्यासाठी ब्लॉगर पुरेसे आहे. ते १९९९ पासून चालू आहे, २००३ पासून गूगलकडे आहे, स्वतःचे डोमेन त्याला विनामूल्य जोडता येते आणि सुरक्षिततेची किंवा अद्ययावत करण्याची कोणतीही जबाबदारी आपल्यावर येत नाही. सेटिंग्जमधून दर महिन्याला बॅकअप फाइल उतरवून घ्यावी. तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात, छायाचित्रे मात्र केवळ दुव्यांच्या रूपात असतात, म्हणून मूळ छायाचित्रे स्वतःच्या हार्ड डिस्कवर बारवेच्या नावाने वेगळी ठेवलीच पाहिजेत.

दगडीपायरी

डोमेनबद्दल पूर्ण सहमत आहे, परंतु ब्लॉगरबद्दल माझे मत वेगळे आहे. ताईंचे काम रोजनिशीसारखे नाही, ते संदर्भसंग्रहाच्या जातीचे आहे. तालुका, बारवेचा आकार, शिलालेख आहे की नाही, पाणी वापरात आहे की नाही, अशा अनेक अंगांनी नोंदी लावता आल्या पाहिजेत. वर्डप्रेसमध्ये वर्ग आणि उपवर्ग करता येतात, ब्लॉगरमध्ये केवळ सपाट लेबले मिळतात. शेकडो नोंदी झाल्यावर हा फरक जाणवतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अनेकांची तिच्यात गल्लत होते. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर २००३ पासून उपलब्ध आहे आणि ते आपण कोणत्याही होस्टिंगवर, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेवर, बसवू शकतो, तर वर्डप्रेस डॉट कॉम ही त्यावर चालणारी तयार सेवा आहे, जिच्या विनामूल्य योजनेत जाहिराती दिसतात आणि स्वतःचे डोमेन जोडता येत नाही. स्वतःच्या होस्टिंगवर बसवल्यास सर्व काही आपल्या ताब्यात राहते, पण मूळ प्रणाली, थीम आणि प्लगइन वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात. ते राहून गेले, तर संकेतस्थळात घुसखोरी होण्याचा धोका खरा आहे. त्यामुळे हे काम नियमाने पाहणारे कोणी घरात नसेल, तर माझा आग्रह मी मागे घेईन.

दोन्हीकडे मराठी शीर्षकांचा एक त्रास आहे आणि त्यावर कोणी फारसे बोलत नाही. लेखाचे शीर्षक देवनागरीत असेल, तर ब्लॉगर त्या अक्षरांचा पत्ता बनवत नाही. तो ‘ब्लॉग-पोस्ट’ हे शब्द आणि त्यापुढे एखादा क्रमांक असा निरर्थक पत्ता देतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता बनवते, पण त्यातील प्रत्येक चिन्ह संगणकीय रूपात नऊ जागा घेते आणि पत्त्याच्या त्या भागाला २०० जागांची मर्यादा आहे. काना-मात्रा धरून बावीस-तेवीस चिन्हांतच ती संपते आणि लांब शीर्षक मध्येच तुटते. शिवाय असा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला, की पुष्कळदा टक्केचिन्हांची न वाचता येणारी लांब माळ दिसते. म्हणून शीर्षक खुशाल मराठीत ठेवावे, परंतु पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या, चौकटीत गावाचे आणि बारवेचे नाव रोमन अक्षरांत स्वतः लिहावे, आणि ते प्रकाशनापूर्वीच लिहावे, कारण नंतर पत्ता बदलला की आधी दिलेले दुवे तुटतात.

बारवनोंदी

दोघांचेही मनापासून आभार. देखभाल पाहणारे कोणी नाही, त्यामुळे स्वतःचे डोमेन आणि ब्लॉगर असे ठरवते. तालुकावार अनुक्रमणिकेचे एक स्वतंत्र पान मी हाताने करेन, तेवढे मला जमेल. जुन्या टंकातील लेखन आणि यापुढील टंकलेखन यांबद्दल कोणी सांगू शकेल का?

मोडीवाचक

जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक महाजालावर आहेत. आपला टंक नेमका कोणता हे पाहून त्याचाच परिवर्तक वापरावा, कारण प्रत्येक टंकाची अंतर्गत मांडणी वेगळी असते. एक परिच्छेद आधी चाचणीसाठी घ्यावा आणि त्यात रफार, ‘पायऱ्या’सारख्या शब्दांतील ऱ्य आणि शिलालेखांतील शकांचे आकडे तपासावेत. आकडा चुकला, तर तो वाचताना खटकत नाही आणि चुकीचा शक पुढे दहा ठिकाणी उद्धृत होतो. शिलालेखांच्या ओळी तर परिवर्तकावर सोडूच नयेत, मूळ ठशाशी किंवा छायाचित्राशी ताडून हातानेच टंकाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

टंकलेखनासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि मराठी फोनेटिक असे दोन्ही कळफलक अंतर्भूत आहेत, वेगळे काही उतरवण्याची गरज नाही. फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कळफलक चालेल. बारवेपाशी उभे राहून बोलून टिपण घेण्यासाठी त्याची मराठी श्रुतलेखनाची सोय उपयोगी पडते, मात्र गावांची नावे नंतर तपासावी लागतात. शक्यतो एकच कळफलक कायम ठेवावा. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली, तरी संगणक त्यांना भिन्न मानतो आणि पानावर शोध घेताना एक लिहिल्यास दुसरे सापडेलच असे नाही.

टंकाबाबत मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ घ्यावा. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये भाषा मराठी निवडण्यास विसरू नये. दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक सॉफ्टवेअर मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा हे पानावर नोंदलेल्या भाषेवरून ठरवते, आणि ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ल आणि श यांची मराठी वळणेही त्यावरूनच येतात.

पाणवठा

छायाचित्रे आणि नकाशा राहिला, म्हणून लिहिते. फोनमधील मूळ छायाचित्र कित्येक मेगाबाइटचे असते आणि खेड्यातील वाचकाला ते उघडेपर्यंत ताटकळावे लागते. ‘स्क्वूश’ हे साधन ब्राउझरमध्येच चालते. त्यात रुंदी सुमारे १६०० पिक्सेल ठेवून छायाचित्र लहान करावे आणि तेच ब्लॉगवर द्यावे. शिलालेखाचे छायाचित्र मात्र पूर्ण आकारात विकिमीडिया कॉमन्सवर चढवावे, म्हणजे अभ्यासकाला अक्षर मोठे करून पाहता येईल आणि मराठी विकिपीडियावरही ते वापरता येईल. तेथील परवाना व्यावसायिक वापरालाही मुभा देतो, एवढे आधी मनाशी पक्के करावे. दुसऱ्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. भारतात २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरील १९ वा खंड १८८५ चा आहे, त्यातील उतारे निःशंकपणे देता येतील.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले ‘यूमॅप’ वापरावे. त्यात प्रत्येक बारवेचा बिंदू ठेवून त्याला आपल्या लेखाचा दुवा देता येतो आणि सर्व बिंदूंची फाइल उतरवूनही घेता येते. भूगोलाच्या शिक्षिकेला त्याची सवय होण्यास वेळ लागणार नाही. फक्त खाजगी शेतातील बारवेचा नेमका बिंदू देण्यापूर्वी मालकाला विचारावे. त्याची संमती नसेल, तर गावापुरते स्थान दाखवावे आणि छायाचित्र चढवण्याआधी फोनने त्यात नोंदवलेले स्थान काढून टाकावे, कारण नकाशावर लपवलेला बिंदू त्या फाइलमधून कोणालाही वाचता येतो.