सव्वादोन वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी – 'मिल्क लॅडर' घरी सुरू करू का?

पंचगंगाकाठ | १२ जून, रात्री १०.४०

नमस्कार. शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मुलगा सव्वादोन वर्षांचा, वजन साडेअकरा किलो. घरी तीन म्हशी आणि एक जर्सी गाय. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं, आणि घरात एकट्या ह्यालाच दूध चालत नाही.

आठव्या महिन्यात पहिल्यांदा गाईचं दूध घालून नाचणीची खीर दिली. तीन-चार चमचे पोटात गेले असतील. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेपासून पोटापर्यंत गांधी उठल्या, मग दोनदा उलटी. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन आम्हाला दवाखान्यातच बसवून ठेवलं. पुढे कोल्हापुरात रक्त तपासलं, गाईच्या दुधाचं आयजीई (रक्तातली ॲलर्जीची प्रतिपिंडं) वाढलेलं निघालं. तेव्हापासून दूध, दही, ताक, लोणी, पनीर बंद. तूपसुद्धा बंद, कारण घरच्या तुपात बेरी उतरतेच. म्हशीचं तरी चालेल या आशेने दहाव्या महिन्यात आत्याबाईंनी बोटभर चाटवलं होतं. तेच झालं.

मामंजी चहा पिऊन त्याचा मुका घ्यायचे, की गालावर लाल चट्टा. आता धार काढून आलेलं कोणीही साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला उचलत नाही.

गेल्या महिन्यात एका लग्नात त्याने चुलतभावाच्या हातातलं अर्धं बिस्किट खाल्लं. पाकिटावर दुधाची पावडर लिहिलेली होती. मी तासभर त्याला मांडीवर घेऊन श्वास मोजत बसले. काहीही झालं नाही. त्यानंतर 'मिल्क लॅडर', म्हणजे दुधाच्या शिडीबद्दल वाचलं: आधी बिस्किट, मग मफिन, मग पॅनकेक, चीज, दही आणि सगळ्यात शेवटी दूध. आत्याबाई वर्षभर हेच सांगतायत असं त्यांना वाटतं. रोज बोटभर द्यायचं, अंगाला सवय होते. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. नातवाचा वरणभात तुपाविना बघून त्यांचा जीव तुटतो.

तर शिडी घरी सुरू करू का? आणि अजून एक. नरसोबाची वाडी आम्हाला जवळ, तिथली बासुंदी तासन्‌तास आटते. भाजलेलं दूध चालतं, तर इतकं आटवलेलं का नाही?

---

माणदेशी माणूस | १२ जून, रात्री ११.१५

आमच्याकडे लहान पोरांना शेळीचं दूध देतात. पचायला हलकं असतं. ते देऊन बघा ताई.

---

लीड्सची वाट | १३ जून, पहाटे २.०५

ताई, मी मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये. माझ्या लेकीला आम्ही ही शिडी पूर्ण चढवली, पण तिची आणि तुझ्या बाळाची ॲलर्जी एक नाही, म्हणून आधी ते सांगते.

लेकीला तीन महिन्यांची असताना शीमधून रक्त यायचं आणि एक्झिमा (खाजरी, कोरडी त्वचा) होता. गांधी नाहीत, सूज नाही, लगेचची उलटी नाही. दूध पोटात गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास दिसायचा. हा आयजीई नसलेला प्रकार. इथली सहा पायऱ्यांची शिडी सौम्य ते मध्यम अशा त्या प्रकारासाठीच बनवलेली आहे. आमच्या डाएटिशियनने पहिल्याच भेटीत हे बजावलं होतं: लगेच गांधी-सूज येणाऱ्या मुलाने ह्या कागदाला घरी हात लावायचा नाही.

आमची बिस्किटाची पायरी पंधरा दिवसांत झाली, मफिनची महिन्याभरात. पॅनकेकवर मात्र चार महिने अडकलो. अर्धा दिला की दोन दिवसांनी शी बिघडायची, परत मफिनवर यायचं. मी रडायचे. आता वाटतं, रडण्यासारखं काही नव्हतं. ती मफिन खात होती, म्हणजे दूध खातच होती. पावणेतीन वर्षांची झाली आणि एका आठवड्यात पॅनकेक पचायला लागला. आम्ही वेगळं काही केलं नव्हतं.

तू डॉक्टर गाठ आधी. ते बिस्किट विसर.

---

बालवैद्य नाशिक | १३ जून, दुपारी ३.३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला न तपासता उपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी लिहितो.

आधी शेळीचं दूध. कृपया देऊ नका. गाईच्या दुधाची अशी ॲलर्जी असलेल्या दहांपैकी नऊ मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो, कारण प्रथिनं जवळपास सारखीच असतात. म्हशीचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. 'हलकं' हा शब्द पचनाचा झाला. इथे प्रश्न पचनाचा नाही, प्रतिकारशक्ती दुधाला शत्रू समजते याचा आहे.

आता बासुंदी. दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन, बाकीची व्हे (दूध फाटल्यावर निवळीत राहणारी). व्हेची प्रथिनं तापवल्यावर उलगडतात, त्यांचा आकार बिघडतो, मग ॲलर्जीची प्रतिपिंडं त्यांना नीट ओळखत नाहीत. केसीन उष्णतेला दाद देत नाही. पण दूध मैद्यात मिसळून भाजलं, की प्रथिनं गव्हाच्या जाळ्यात गुंतून पडतात आणि प्रतिपिंडांच्या हाती कमी लागतात. मफिनचा सगळा खेळ या जाळ्याचा आहे. बासुंदीत गहू नाहीच. उलट लिटरचं पाव लिटर झालं की चमच्यामागे प्रथिन चौपट. बासुंदी, खवा, पेढा हे सगळे शिडीच्या वरच्या टोकाचे पदार्थ समजा.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईमधला २००८ साली आलेला एक अभ्यास आहे. १०० मुलांना रुग्णालयात बसवून असं भाजलेलं दूध दिलं, तेव्हा साधारण तीन-चतुर्थांश मुलांना ते सोसलं. म्हणून तुमची आशा रास्त आहे. पण २३ जणांना रिॲक्शन आली, आणि त्यांतल्या काहींना ॲड्रेनलिन (गंभीर रिॲक्शनवरचं इंजेक्शन) द्यावं लागलं. तुमचं मूल कोणत्या बाजूला आहे, हे अर्ध्या बिस्किटावरून कळत नाही. त्यात दूध किती होतं ते कोणी मोजलंय? आयजीई वाढलेलं आणि आधी सूज-उलटी झालेली असेल, तर पहिला मफिन ॲलर्जीतज्ज्ञांसमोर, रुग्णालयात. दमा असेल तर तो आधी पूर्ण आटोक्यात हवा.

बोटभर दुधाबद्दल: तज्ज्ञ न भाजलेल्या दुधाचे थेंब मोजून वाढवत नेण्याचा उपचारही करतात. त्यातही रिॲक्शन येतात, आणि तो त्यांच्या देखरेखीखालीच होतो. घरच्या बोटाला माप नसतं.

ॲड्रेनलिनबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून ॲम्प्यूल आणि १ मिलीची सिरिंज ठेवतात. १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या औषधाचं प्रमाण किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे तुमच्या मुलाला साधारण ०.११ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. भरायचा सराव डॉक्टरांसमोर करा. ॲलर्जीच्या सिरपने गांधी बसतात, पण श्वास अडकला तर सिरपवर विसंबू नका.

---

पंचगंगाकाठ | २८ ऑक्टोबर, रात्री ९.२०

तुम्हा दोघांना कळवायचं राहिलं होतं, त्याबद्दल क्षमा मागते.

ऑगस्टमध्ये पुण्याला जाऊन आलो. आधी टोचून त्वचेची चाचणी, मग मफिनसाठी वेगळा दिवस. मफिन घरूनच करून आणायचे होते, कृतीचा कागद त्यांनी दिला. सहा मफिनांत २२ ग्रॅम दूध पावडर, १८० अंशांवर ३० मिनिटं. म्हणजे एका मफिनात सुमारे १.३ ग्रॅम दुधाचं प्रथिन, साधारण ४० मिली दुधाइतकं. माझा विचार होता की घरच्याच गाईचं दूध घालावं आणि नानकटाईसारखं गावातल्या भट्टीवर भाजून आणावं. पण डेअरीच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) रोज बदलतं, हे डोक्यात आलं, म्हणून फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी बरोबर, एसएनएफमध्येच प्रथिन येतं, म्हणूनच पावडर आणि वजनकाटा. भट्टीचीही आच रोज सारखी नसते. मग इचलकरंजीच्या नणंदेचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आणला.

त्या दिवशी चिमूटभर चुऱ्यापासून सुरुवात झाली. दर वीस मिनिटांनी थोडा मोठा तुकडा. चौथ्या वेळेला हनुवटीवर दोन गांधी उठल्या आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टरबाईंनी अंग उघडून पाहिलं, छाती ऐकली, म्हणाल्या, चुरा लागला तिथेच आहेत, थांबून बघू. अर्ध्या तासात मावळल्या. मग उरलेला मफिन. त्यानंतर तीन तास तो वॉर्डात गाडी खेळत होता आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

पास झाला!

आता आठवड्यातून पाच दिवस एक मफिन. ताप, जुलाब असेल तर बंद, आणि खाल्ल्यावर दोन तास पळापळी नाही. ताप आणि दमणूक असली की एरवी सोसणारंही सोसत नाही, असं सांगितलंय. सप्टेंबरात त्याला चार दिवस ताप होता, तेव्हा थांबलो आणि फोनवर विचारून अर्ध्यापासून पुन्हा सुरू केलं. एकदा माझ्याकडून चूक झाली. साचे कमी म्हणून सहाऐवजी चार मोठे मफिन केले. माप वाढलं आणि मधला भाग ओलसर राहिला. तोंडाभोवती खाज, कानामागे गांधी. सिरप दिलं, बसल्या, ॲड्रेनलिनची वेळ आली नाही. डॉक्टरबाईंनी बजावलं की आकार, माप, वेळ यांतलं काहीही बदललं तर तो मफिन नवा पदार्थ धरायचा. तेव्हापासून एक फोडून आतून बघितल्याशिवाय देत नाही. पुढची पायरी सहा महिन्यांनी, तीही तिकडेच.

आत्याबाईंनी पावडर मोजायचं काम स्वतःकडे घेतलंय. चष्मा लावून काट्यावर २२ येईपर्यंत चमच्याच्या टोकाने भुरभुरवतात, एक आकडा जास्त झाला तर परत काढतात. पहिल्या दिवशी त्यांनीच त्याला भरवलं. मग मागीलदारी जाऊन बराच वेळ उभ्या होत्या.

लीड्सच्या ताई, एकच अडचण आहे. रोज तीच चव, आता तो तोंड फिरवतो. तुम्ही काय करायचात?

---

लीड्सची वाट | २९ ऑक्टोबर, पहाटे १.४०

किती बरं वाटलं वाचून! आत्याबाईंना माझा नमस्कार सांग.

आम्ही पावडर, मैदा, भाजायची वेळ तशीच ठेवून चव बदलायचो. चिमूटभर वेलची, कधी दालचिनी, कधी वरून दोन-चार मनुका. केळं किंवा गाजर कुस्करून घातलं तर मध्ये ओलं राहतं, म्हणून ते तुझ्या डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय नको. आणि एकदम दोन-तीन चवी घालू नकोस. आधी फक्त वेलची घाल, आठवडाभर तेच ठेव. माझी लेक मफिनचे चार तुकडे करून खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरले की खायची, नुसत्या ताटलीत ठेवले तर नाही.