मदत हवी आहे: खचलेल्या भावाला बायबलमधलं कोणतं वचन वाचून दाखवू?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझा थोरला भाऊ खानापूरकडे भातशेती करतो. वहिनीचं डायलिसिस बेळगावात चालू आहे, त्यात यंदा पीक गेलं. रात्री तो म्हणतो, ‘काहीतरी वाच.’

रोमकरांस पत्राचा 5 वा अध्याय वाचला. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. तो गप्पच राहिला. खरं सांगायचं तर दमलेल्या माणसाला लगेच ‘आनंद मान’ म्हणणं मलाही जड जातं. स्तोत्र 13 मात्र त्याने पुन्हा वाचायला लावलं. दावीद त्यात देवालाच ‘कुठवर?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो, आणि तरी शेवटी भरवसा सोडत नाही. हबक्कूकचा 3 रा अध्यायही त्याला भिडला: शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही संदेष्टा देवाला धरून राहतो.

असे तक्रार करू देणारे आणखी उतारे कोणते? ईयोबाचं पुस्तक कुठून सुरू करावं? त्यातली ईयोबाच्या मित्रांची लांबलचक भाषणं आत्ता त्याला सोसणार नाहीत. पुतणे कन्नड शाळेत शिकतात, म्हणून अध्याय आणि ओवी आकड्यांत लिहा, म्हणजे ते कन्नड बायबलमध्ये शोधतील. वहिनीसाठी दवाखान्यात वाचता येईल असं एखादं छोटं स्तोत्रही सुचवा.