मदत हवी आहे: बाळंतपणानंतर कंबरदुखी, पोटाच्या व्यायामाबद्दल

नमस्कार मैत्रिणींनो. मी सांगलीत विश्रामबागला राहते. बाळ साडेचार महिन्यांचं आहे, नॉर्मल डिलिव्हरी. दुसऱ्या महिन्यापासून कंबर धरलीय. पाळण्यातून बाळाला उचलताना अशी कळ येते की एक हात भिंतीला टेकवावा लागतो.

डॉक्टरांनी तपासून व्यायामाला हरकत नाही म्हटलंय. फिजिओथेरपिस्टनी बेंबीपाशी बोटं ठेवून पाहिलं, पोटाचे उभे स्नायू अडीच बोटं फाकलेत. पोट सैल पडलं की भार कंबरेवर येतो, म्हणून क्रंचेस सध्या बंद. त्याऐवजी उताणं झोपून, गुडघे वाकवून, श्वास सोडत बेंबी आत ओढायची, कंबर जमिनीला टेकवून ५ अंक मोजायचे, असं १० वेळा. हे आता जमतं. पण पुढची पायरी, एकेक टाच सरकवत पाय लांब करायची, तिथे अडलेय. कंबर जमिनीवरून सुटते आणि पोट मधोमध उंचवट्यासारखं वर येतं. असं कुणाला झालं होतं का? आधीच्याच पायरीवर थांबलात का?

सासूबाई रोज शेक देतात, पोट बांधतात. त्यांच्या हाताने खरंच बरं वाटतं, पण पट्टा सोडला की दुखणं तेच.

आणि रात्री पाजताना पाठीला आधार कसा देता? मी झोपेत पुढेच वाकते. विश्रामबाग किंवा मिरजेत बाळंतिणींचे व्यायाम घेणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया कळवा. पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचंय, दिवसभर खुर्चीत बसायचं काम आहे.